डाव्या बाजूचा ब्रेक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानाशेजारी गाडीत बसून डबा खात होते. कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या या शाळेत मी बावीस वर्षांपासून विज्ञान शिकवते, आणि स्टाफरूममधल्या गप्पांपेक्षा मला गाडीतला डबा बरा वाटतो. "बेबी, हे उठून नाई राहिले वं," एवढंच वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, आज नळ आला नाही असं सांगावं तसा. मी "येते" म्हटलं, डब्याचं झाकण लावलं आणि गाडी सुरू केली. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. कोराडीहून शहरात यायचं म्हणजे कोळशाचे ट्रक, रस्त्याच्या कडेला साचलेली राख, मग सिग्नलमागून सिग्नल, आणि शहराचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठायचं. यातला एकही सिग्नल लाल होता की हिरवा, मला सांगता येणार नाही. आठवतं ते एकदम हे, की मी मनीषनगरमधल्या माझ्या स्वतःच्या फ्लॅटच्या दारात उभी आहे आणि कुलपात किल्ली फिरवते आहे. जायचं होतं प्रतापनगरला, दादाच्या घरी. रोज शाळा सुटली की गाडी जिथं येते तिथंच ती आली होती, आणि मी तिच्याबरोबर आले होते. किल्ली तशीच काढली, जिना उतरले आणि पुन्हा निघाले. दादाच्या घरी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन, बघून, परतही गेले होते.

माझा भाऊ श्रावण लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्या दुपारी माझा भाऊ गेला असताना माझे हातपाय मला न विचारता भलत्याच घरी घेऊन गेले, हे त्याला कळलं असतं तर तो काय म्हणाला असता, याचा मी गेले पाच आठवडे विचार करते आहे. अकरा वर्षांपूर्वीचा दादा पोट धरून हसला असता. नंतरचा दादा घाबरला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याला तसा घाबरट कुणी केला, तेही ठाऊक आहे. त्याच्या श्रद्धांजलीच्या सभेत प्रतापनगरमधल्या बायका एकामागून एक बोलायला उठल्या. सरांनी शिकवलं म्हणून मी नोकरीला जाऊ शकले, सरांनी शिकवलं म्हणून मी नवऱ्याला दवाखान्यात नेऊ शकले... आणि प्रत्येकीच्या बोलण्यात एक वाक्य होतंच, की सरांनी वयोमानानुसार काम थांबवलं. मी मान खाली घालून ऐकत होते. दादानं काम थांबवलं तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता आणि त्याचा पाय कुठल्याही तरुणापेक्षा तल्लख होता. माझ्याकडे एक गोष्ट होती, जी मी त्याला सांगितली असती तर त्यानं काम सोडलं नसतं. ती मी सांगितली नाही. आता तो नाही, तेव्हा निदान वहिनींना तरी सांगायला हवी होती. तेरवी उलटली, महिना होत आला, तरी माझी जीभ उचलत नव्हती.

मी जात्याच काळजीखोर. गॅस बंद केला का, हे पाहायला दोन मजले चढून परत येणारी. दादा तसा नव्हता. आमचं घर उमरेडचं, विणकराचं. बाबांचा माग खड्ड्यातला होता. म्हणजे विणणारा जमिनीवर बसायचा आणि त्याचे पाय खाली खणलेल्या खड्ड्यात, लाकडी पावड्यांवर. हात वर उजेडात, पाय खाली अंधारात. दादा अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून मागावर बसायला लागला. पहिले काही महिने तो सारखा वाकून खड्ड्यात बघायचा, कुठली पावडी दाबतो आहोत ते. बाबा त्याच्या पाठीत हलकीशी थाप मारायचे. "पायाले पाहू नको. पायाले पाहशील तं धागा तुटंल. त्याले त्याचं काम मालूम हाय." आणि खरोखर, काही दिवसांनी दादा माझ्याशी भांडत, गाणं म्हणत, शेजारणीला ओरडून उत्तर देत विणायचा आणि करवतकाठी लुगड्याच्या काठात एक दातही चुकायचा नाही. मी एकदा त्याला विचारलं की तुला कसं कळतं आता कोणता पाय. तो विचार करायला थांबला, आणि थांबल्याबरोबर धागा तुटला. "पाह्य, तू विचारलं म्हनून तुटला," म्हणाला, आणि त्या दिवसाचं खापर माझ्यावर फुटलं.

माग पुढं बंद पडला, जसे सगळ्यांचेच पडले. दादा कोराडीला कोळशाच्या ट्रकवर लागला, दहा-बारा वर्षं त्यानं ती काळी वाहतूक केली, आणि मग प्रतापनगरला भाड्याच्या गाळ्यात मोटार शिकवायची शाळा काढली. शाळा म्हणजे एक टेबल, एक पत्र्याची पाटी आणि एक पांढरी गाडी. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, क्लच आणि ब्रेकची आणखी एक जोडी बसवलेली असते. नवखा माणूस गोंधळला तर शिकवणाऱ्यानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. दादाची शिकवायची पद्धत निराळी होती. पहिले दहा दिवस तो विद्यार्थ्याला चपला काढायला लावायचा. बँकेतल्या मॅनेजरीणबाई असोत की डॉक्टर, अनवाणी पायानं ब्रेक दाबायचा. "पायाले ओळख तं होऊ द्या आधी," म्हणायचा. आणि कुणी खाली वाकून पाहिलं की बाबांचंच वाक्य, फक्त धाग्याच्या जागी गाडी. बायका त्याच्याकडे शिकायला यायच्या कारण तो ओरडायचा नाही. ओरडायची त्याला गरजच पडत नसे. त्याच्या बाजूचा ब्रेक तोंडाच्या आधी लागलेला असे.

एकदा एक नवशिकी बाई गाडी चालवत असताना चौकात एका म्हाताऱ्या गृहस्थांची सायकल घसरली आणि ते थेट गाडीपुढे पडले. गाडी त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. बाई म्हणाल्या, मला तर ते दिसलेच नाहीत. दादा घरी येऊन म्हणाला, "मलेही नाई दिसले. गाडी थांबली अन् मंग मी पाह्यलं, काहून थांबली म्हनून." मोहल्ल्याच्या गणेश मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. दादा स्टेजवर गेला, शाल हातात घेतली आणि माइकवर म्हणाला, "शाल पायाले गुंडाळा. मी तं काहीच केलं नाई, बापा." मंडळी हसली, त्याला विनय समजली. तो विनय नव्हता. दादा जे म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं असं त्याला वाटत होतं, आणि तेव्हा त्याला त्याची मोठी गंमत वाटायची. आपल्या आत आणखी कुणी तरी आहे, भला आहे, जागा आहे, आपल्या आधी पाहतो... मी माझ्या वर्गात प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा शिकवताना दादाचीच गोष्ट सांगायचे. निखाऱ्यावरून हात मागे घेताना आपण मेंदूची परवानगी मागत नाही, वगैरे. दादाच्या ब्रेकची गोष्ट त्या धड्यात नीट बसत नाही हे मला ठाऊक होतं, तो शिकून मुरलेला पाय होता, जन्मजात नाही. पण मुलांना आवडायची, म्हणून सांगायचे.

मनीषनगर ते कोराडी दोन बस बदलून जाता जाता माझी कंबर गेली तेव्हा दादा म्हणाला, तू आता गाडी शीक. दोन महिने मी त्याच्या पांढऱ्या गाडीत शिकले. इतर बायकांच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. ब्रेक शेवटच्या घटकेपर्यंत दाबायचा नाही, त्यांचा पाय आधी उठू द्यायचा. "उस्ताद घाई करंल तं शागिर्दाचा पाय आळशी होते," हे त्याचंच वाक्य. पण मी बहीण पडले. समोर म्हैस आली, रिक्षा आडवी आली, की माझा पाय हलायच्या आत गाडी थांबलेली असे. "तुह्या टायमाले माहा पाय जास्तच शहाना होते," असं तोच हसत म्हणायचा. मला मात्र वाटत होतं की मला फार छान ब्रेक लावता येतो. लायसन्स मिळालं, मी एक जुनी छोटी गाडी घेतली, आणि आठ महिने रोज कोराडीला एकटी गेले-आले. एक ओरखडासुद्धा नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. एकटी असताना माझा पाय कधीही चुकला नव्हता.

मग तो रविवार. दादा मनीषनगरला माझ्याकडे जेवायला आला होता. निघताना म्हणाला, "चाल, मले सोडून दे. तुही परीक्षा घेतो." तो पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसला, अर्थात डावीकडे. मी मोठ्या ऐटीत चालवत होते, आणि तो खिडकीतून बाहेर बघत "वा, वा" करत होता. त्याच्या घराच्या गेटपुढे नालीवर सिमेंटचा चढ केलेला आहे. चढायला थोडी गती द्यावी लागते आणि चढल्याबरोबर ब्रेक. वहिनींनी गाडीचा आवाज ऐकून गेट उघडलं. गेटच्या डाव्या फाटकाचा आकडा तुटलेला होता. मी चढावर गती दिली आणि ते फाटक वाऱ्यानं परत यायला लागलं. ते धरायला वहिनी गाडीसमोरून पलीकडे गेल्या. मी ब्रेक दाबला नाही. गाडीनं वहिनींना गेटच्या खांबाशी नेऊन टेकवलं आणि मगच ती बंद पडली. त्याच्या आधी मी एक आवाज ऐकला होता. दादाचा पाय माझ्या गाडीच्या पत्र्यावर आपटल्याचा, धप्प. तिथं ब्रेक नव्हता.

वहिनींचा उजवा गुडघा गेला. दोन ऑपरेशनं झाली, आणि तेव्हापासून त्या काठी घेऊन चालतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा माझ्या शेजारी बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी ब्रेक मारला होता बेबी. पुरा मारला होता." नंतर जरा शांत झाल्यावर त्यानं मला त्याचा हिशोब समजावला. तो म्हणाला, तू नवीन, तुझी काय चूक. मी नुसतं तोंडानं "ब्रेक" म्हटलं असतं तरी तू थांबली असतीस. पण माझ्या पायाला वाटलं की त्यानं काम केलं, म्हणून माझं तोंड गप्प बसलं. "पायानं मले फसवलं. तिथं ब्रेक हाय म्हनून सांगितलं त्यानं मले." नातेवाईक आले, शेजारी आले, सगळ्यांना तो हेच सांगत होता. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, जाऊ दे, नवशिकी आहे, घाबरली असेल. मी मान हलवायचे. मी घाबरले नव्हते. वहिनी गाडीसमोर आल्या तेव्हा मला सगळं दिसत होतं, आणि माझा पाय ब्रेकवर होता, अगदी ब्रेकवर. तो वाट पाहत होता. दादा डावीकडे बसला आहे, आता गाडी थांबेल... दोन महिने त्या पायानं हेच शिकलं होतं. हे मला त्याच संध्याकाळी, व्हरांड्यातल्या बाकावरच समजलं होतं. अजून दादाचं वाक्यही पुरं झालं नव्हतं, तेव्हा.

तेव्हाच सांगायला काय हरकत होती? मी हा प्रश्न स्वतःला अकरा वर्षं विचारला आहे आणि दर वेळी निराळं उत्तर आलं आहे. वहिनींना ऑपरेशनला नेत होते, ती वेळ नव्हती. दादा आधीच खचला होता. सांगितलं तर तो म्हणेल, म्हणजे तुला लाडावून ठेवलं तीही माझीच चूक. कारणं सगळी चांगली आहेत, पण ती मागाहून आलेली आहेत. गप्प बसायचं असं मी ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं नाही, आणि मग तेच चालू राहिलं.

वहिनी घरी आल्यावर पंधरा दिवसांनी दादा एकटाच माझ्याकडे आला. सोफ्यावर न बसता माझ्या अभ्यासाच्या टेबलाशी बसला. "तू सायन्सवाली हायस. तुमच्या पुस्तकात काय लिहून हाय? पाय कोनाचं ऐकते?" मी पुस्तक काढलं. आजही लाज वाटते... मी त्याला आकृती दाखवली. मेंदू, मज्जारज्जू, स्नायू. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय आपोआप उडतो. आणि सवयीच्या हालचालींबद्दलही सांगितलं, की फार सराव झाला की माणसाला त्या कराव्या लागत नाहीत, त्या होतात, आणि जुन्या जागेची सवय नव्या जागीही तशीच उठते. सगळं बरोबर सांगितलं, सगळं त्याच्या पायाबद्दल. तो लहान मुलासारखा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे गलती पायाचीच." मी हो म्हटलं. "अन् तो उद्या पुन्हा असंच करू शकते." मी त्यालाही हो म्हटलं. तो उठला, पाणी प्यायला आणि गेला. त्या आठवड्यात त्यानं पत्र्याची पाटी उतरवली. "जो पाय मले न विचारता चालते, त्याच्या भरवशावर लोकायच्या लेकीबाळी रस्त्यावर कशा नेऊ?" असं तो वहिनींना म्हणाला. पांढरी गाडी त्यानं दुसऱ्या एका शिकवणाऱ्याला देऊन टाकली.

त्यानंतरचा दादा मी कुणाला सांगितला तर लोक हसतील, आम्हीही आधी हसायचो. तो प्रत्येक काम करायच्या आधी बोलून दाखवायला लागला. "आता गॅस बंद करून राहिलो." "आता कडी लावून राहिलो." "आता उजवा पाय खाली टाकून राहिलो." वहिनी वैतागून म्हणायच्या, "आपल्या घरी आता रेडिओची गरज नाई." हळूहळू गंमत संपली. रस्ता ओलांडायला तो पाच-पाच मिनिटं उभा राहायचा. चहा डाव्या हातानं प्यायला लागला, कारण उजवा हात न विचारता कप उचलतो. जिना उतरताना खाली पायांकडे बघत उतरायचा, आणि बघत उतरल्यामुळेच दोनदा पडला. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना पायाकडे बघू नका म्हणून शिकवलं, तो आता रोज अंगणात आपले पाय बघत चालायचा. माझ्या गाडीत बसायची वेळ आली तर मागच्या सीटवर बसायचा. मला वाटायचं, आज सांगू. दर दिवाळीला, दर राखीला वाटायचं. ओवाळून झालं की आता म्हणू, असं मनात पक्कं करून मी जायचे, आणि गोडाचं जेवण जेवून परत यायचे. इकडे शाळेत तो धडा दर वर्षी यायचा. मी दादाची गोष्ट सांगणं बंद केलं. तरी हातोडीनं एखाद्या मुलीचा गुडघा ठोकला आणि पाय उडाला, वर्ग हसला, की मी घाईनं पुढचं पान उलटायचे.

तो जायच्या आठवडाभर आधी मी त्याच्याकडे गेले होते. अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. तो बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, "बेबी, एक गोष्ट विचारू काय तुले?" मी विचार म्हटलं. तो थांबला... मग म्हणाला, "राहू दे. चहा घेशील?" आणि उठताना सवयीनं, "आता मी उठून राहिलो." तो काय विचारणार होता? कदाचित माझ्या कमरेबद्दल. कदाचित काहीच नाही. उस्ताद आणि शागिर्दाच्या आळशी पायाचं वाक्य त्याचंच होतं, तेव्हा कधी ना कधी त्याला ते जोडता आलंच असेल, असं माझं मन म्हणतं. जोडता आलं असेल आणि तरी तो मला वाचवत बसला असेल तर, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

मागच्या रविवारी मी वहिनींकडे गेले. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या, काठी ओट्याला टेकवलेली. मी समोर पाटावर बसले आणि एक जुडी ओढून घेतली, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये. आणि सांगितलं. सगळं, ब्रेकवर असलेल्या पायासकट. पुस्तक काढून दाखवल्याचंही सांगितलं. म्हटलं, "वहिनी, त्याचा पाय नाई चुकला. माहा पाय त्याची वाट पाहून राहिला होता. मले मालूम होतं." वहिनींचे हात थांबले नाहीत. पानं देठापासून वेगळी होत राहिली.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. मी वर पाहिलं. "मी गाडीच्या समोर होती न वं. काचेतून दोघंही दिसून राहिले होते मले. हे खाली पाहून राहिले होते, आपल्या पायाकडं. अन् तू ह्यायच्याकडं पाहून राहिली होती." पुढची जुडी सोडत त्यांनी म्हटलं, "माह्याकडं कोनीच नव्हतं पाहून राहिलं."

अकरा वर्षं मी मला सगळं दिसत होतं असं धरून चालले होते. वहिनी समोर आल्याचं मला आठवतं, त्यांच्या पातळाचा रंगही आठवतो. पण माझं तोंड दादाकडे वळलेलं होतं, ही गोष्ट माझ्याजवळ नव्हतीच. ती त्यांच्याजवळ होती. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मंग तुमी काहून नाई बोलल्या? तुमी बोलल्या असत्या तं त्यानं शाळा बंद नसती केली."

"तू सांगशील म्हनून थांबली," वहिनी म्हणाल्या. "मंग थांबायची सवयच लागली." त्यांनी निवडलेली भाजी टोपलीत टाकली. मला वाटलं बोलणं संपलं, पण त्या पुन्हा बोलल्या, जरा हळू आवाजात. "खरं सांगू? शाळा बंद झाली अन् हे दिवसभर घरी राहू लागले. माहा गुडघा शेकून देत, केस विंचरून देत. लगीन झाल्यापासून असे कधी राह्यले नव्हते. मले बरं वाटून राहिलं होतं वं. त्याच्यासाठीच गप्प राह्यली, असं नाई म्हनत मी. पन बरं वाटून राहिलं होतं." मला त्यांचा राग आला. एक क्षणभर खरंच आला, आणि मग तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण माझ्यापाशी त्यांच्याहून बरं काही नव्हतं. दोघी रडलो. अंबाडी तशीच राहिली.

निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडी कुठी लावली?" मी म्हटलं, बाहेर, रस्त्यावर. त्या दिवसापासून मी गाडी त्या गेटच्या आत कधीच नेलेली नाही, उन्हाळ्यात, भर पावसात, दादाला आणायला गेले तेव्हाही नाही. वहिनींनी काठी घेतली आणि चपला घातल्या. "अंदर आन," म्हणाल्या. मी म्हटलं, आता कशाला, मी तर निघालेच आहे. "आन म्हनते न," म्हणत त्या अंगणातून गेटपर्यंत गेल्या. एक फाटक उघडलं, मग दुसरं, आणि दोन खांबांच्या मधोमध माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी गाडीत बसले. किल्ली दोनदा हुकली. गाडी वळवून चढासमोर आणली आणि तिथंच थांबले. वहिनी मोठ्यांदा म्हणाल्या, "मले पाह्य." मी त्यांना पाहिलं. टिकली नसलेलं कपाळ, काठीवरचा हात, थोडा बाहेर पडलेला उजवा गुडघा. गती दिली, पुढची चाकं चढावर आली, वहिनी जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, हलल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करून बोनेटवर ठेवला आणि म्हणाल्या, "बस." गाडी थांबलेली होती. त्यांचं "बस" आधी आलं की माझा ब्रेक, हे मला अजूनही सांगता येत नाही. डावी सीट रिकामी होती, एवढं नक्की.